टाकीचं टोपण

जळगाव, ८ डिसेंबर १९९१

प्रिय गुलाब,

नमस्कार. घरी सगळे मजेत असतील. इकडे थंडी बरी पडली आहे. माझी तब्येत ठणठणीत. स्कूटरवरून पडलो ते खड्ड्यामुळे. तुझ्या मंजुळावहिनीने तुला वेगळं काही कळवलं असेल तर मनावर घेऊ नकोस.

माझ्या मोटारगाडीचं लिहितो. तू केलेलं काम दिसायला देखणं आहे. जुना पंप काढून टाकीजवळ इलेक्ट्रिक पंप, तांब्याची जाड नळी, कार्बोरेटरला मोठे जेट. मी घेण्याआधी गाडी दोंडाईच्याच्या शेठकडे असताना सुपरचार्जर इंजिनात जोराने हवा कोंबायचा आणि पेट्रोल पुरायचं नाही, म्हणून इंजिन खोकायचं. आता तसं होणार नाही असं तूच म्हणाला होतास.

तरी होतं. नशिराबादच्या पुढे पाय दाबला की गाडी धापा टाकते आणि बंद. मी उतरतो, टोपण काढून बघतो, पेट्रोल भरपूर. परत स्टार्टर मारला की लगेच चालू! थोडं पुढे गेलं की पुन्हा तेच. दीपनगरच्या वीजकेंद्रात मी उभा जन्म पंप आणि व्हॉल्व्ह बघण्यात घालवला. असा लहरी पंप पाहिला नाही.

एक विचारतो, राग मानू नकोस. पंप नवा होता ना? एसटी डेपोतला आपला वना परवा भेटला. म्हणाला, गुलाबने नाशिकच्या कुणाला तरी तुझ्या गाडीचे फोटो दाखवले. का दाखवलेस? गाडी माझ्या हातात नीट चालत नाही असं झालं, तर ती कुणाच्या हातात जाईल याचा विचार माझ्या मनात येतो. येऊ नये, पण येतो.

तू स्वतः येऊन बघ.

तुझा
चुडामण


जळगाव, १९ डिसेंबर १९९१

गुलाब,

तू येऊन गेलास. जेवायलाही थांबला नाहीस, त्यावरूनच मी समजलो.

तू टाकीपाशी वाकलास आणि मला पाणी आणायला आत पाठवलंस. तांब्या घेऊन आलो तर तू टोपण रुमालाने पुसत होतास आणि रुमाल लगबगीने खिशात घातलास. म्हणालास, "मन्हीच चूक शे भाऊ. वायर ढिली र्‍हायनी व्हती." वायर आवळायला टोपण कशाला पुसावं लागतं? आपण एसटीच्या वर्कशॉपात एकाच बाकावर काम शिकलो. मला काय फसवतोस?

मंजुळा दारात उभी होती. तिनेही मान वर केली नाही. तुझ्या वागण्याची तिलाच लाज वाटली असेल.

निघताना माझा हात धरून म्हणालास, "घाटमा जाऊ नको." गाडी आता वार्‍यासारखी पळते, मग घाटात का जाऊ नको? तिथे दुसरं काही ढिलं ठेवलं आहेस का? मी सगळी नळी, सगळे जोड स्वतः तपासले. काही सापडलं नाही, म्हणजे तू किती हुशार आहेस एवढंच कळलं.

रविवारी अजिंठ्याचा घाट चढणार आहे. मंजुळा इतके दिवस गाडीत बसायला तयार नव्हती. तू गेल्यावर आपणहून म्हणाली, मी येते. तीही तुला ओळखून चुकली असं दिसतं.

पुन्हा माझ्या दारात येऊ नकोस.

चुडामण


जळगाव, २ जानेवारी १९९२

प्रिय गुलाब,

डावा हात प्लास्टरमध्ये आहे, उजवा चांगला आहे. त्यामुळे न लिहिण्याला सबब उरली नाही.

घाटापर्यंत पोहोचलोच नाही. पहूरच्या पुढे सरळ रस्ता होता, खड्डा नव्हता, समोर कुणी नव्हतं. मला फक्त एवढं आठवतं की रस्ता आधी पांढरा झाला, मग दिसेनासा झाला. शुद्धीवर आलो तेव्हा गाडी कपाशीच्या शेतात उभी आणि मंजुळेची मूठ हँडब्रेकवर आवळलेली. किल्ली तिनेच फिरवून बंद केली होती. तिचं कपाळ फुटलं होतं. मी विचारलं, "लागलं का गं?" ती म्हणाली, "आता तरी डॉक्टरांचं ऐका." आणि बांधावर बसून रडली.

स्कूटरवरही असंच झालं होतं, गुलाब. त्याच्या आधीही एकदा, न्हाणीघरात. डॉक्टरांनी गाडी हातात धरायची नाही असं स्पष्ट सांगितलं होतं. मंजुळेने विषय काढला की मी ताटावरून उठायचो.

मग तिने बांधावरच सगळं सांगितलं. तू काम करत असताना तिला सहज म्हणालास, "वहिनी, टाकीले भी हवा लागस. टोपणनं भोक बुजनं, की गाडी थांबनीच समजा." तिने ते ध्यानात ठेवलं. मी फिरायला निघायच्या आधी अंगाच्या साबणाचा गोळा त्या भोकात दाबायची. गाडी अर्ध्या वाटेत बंद पडेल, नवरा कंटाळेल, गाडी विकेल, असं तिला वाटायचं. मी टोपण काढलं की हवा आत जायची आणि गाडी चालू व्हायची. मी पंप उलगडून बघितला, तुझं मन उलगडून बघितलं, टोपणाची खालची बाजू बघितली नाही.

तू ती बघितलीस. तिने दारातून हात जोडले आणि माझं दुखणं सांगितलं. तू तिला एवढंच म्हणालास की साबणाने इंजिन जळेल, पण त्याने माणूस वाचणार नाही, त्याला खरं सांगा. आणि चूक स्वतःच्या अंगावर घेतलीस. तिला मात्र सांगायचा धीर झाला नाही. म्हणून ती शेजारी येऊन बसली. काही झालं तर दोघांचं होऊ दे, म्हणाली.

फोटोंचंही वनाला पुन्हा विचारलं. तू म्हणे येणार्‍याजाणार्‍या प्रत्येकाला दाखवतोस आणि म्हणतोस, हे काम मी आणि चुडामणने मिळून केलं. मी तर नुसता पाना धरून उभा होतो.

माझ्या दुसर्‍या पत्राला तू उत्तर दिलं नाहीस ते बरोबरच केलंस. मी चुकलो, मला क्षमा कर.

गाडीचा पुढचा मडगार्ड वाकला आहे, इंजिन शाबूत आहे. ये आणि घेऊन जा. विकायला नाही, चालवायला. किल्ली मंजुळेजवळ आहे, तिच्याकडूनच घे. माझ्याकडे मागू नकोस. मला अजून माझा भरवसा वाटत नाही.

तू म्हणू देशील तर,
तुझाच
चुडामण