वाळूची गंगा

१३ जानेवारी २००२, रविवार

श्रीकृपेने आज दुपारी समुद्रकाठच्या या मुक्कामी सुखरूप पोहोचलो. शहापुराहून गाडी मीच चालविली, सौ. चंदा शेजारी बसून तिळाचे लाडू आणि टोमणे सारख्याच उदारपणे वाटीत होती. चाळीस वर्षांमागे तिला प्रयागास नेण्याचे वचन दिले होते. आधी शाळा, मग पारायणे, मग माझे गुडघे, असे करीत ते राहिले. ती म्हणाली, "प्रयाग नाय तर नाय, निदान पाणी तरी दाखवा." म्हणून ही सहल.

बिऱ्हाडासमोर पुरुषभर उंचीच्या वाळूच्या टेकड्या, पलीकडे समुद्र, अलीकडे गोड्या पाण्याचे तळे. तळे पाहताच चंदा मोकळेपणी हसली. तिचे माहेर भातसा धरणाच्या पाण्याखाली गेले. त्या गावात तिच्यासारखे पोहणारे कोणी नव्हते, असे म्हणत. लग्नानंतर मी तिचे पोहणे बंद करविले. गुरुजींच्या पत्नीस ते शोभत नव्हते.

१४ जानेवारी, मकरसंक्रांत

आज वचनपूर्तीची शास्त्रोक्त वाट सापडली. श्रद्धेने आवाहन केल्यास गंगा कोणत्याही जलात येते. टेकडीच्या पायथ्याशी मी वाळूचीच गंगा घडविली, अक्षता वाहून तिला आवाहन केले, आणि प्रयागी पती करतो तसे वेणीदानही केले. चंदाच्या वेणीचे टोक कापून, कुंकू लावून तळ्यात सोडले. प्रयागात केस तरंगत नाहीत, बुडतात, अशी श्रद्धा आहे. येथेही बुडाले, दगडासारखे. मी कृतार्थ झालो.

चंदा म्हणाली, "मंत्र तुमचा, पाणी माझं!" आणि लुगड्यासकट आत उतरली. चाळीस वर्षे जणू गेलीच नव्हती, अशी ती तळ्याच्या मध्यापर्यंत गेली. काठावर माणसे जमली. मी हाका मारीत राहिलो. ती तासाभराने आली तेव्हा मी संतापलो होतो; हात धरून तिला गाडीत बसविले आणि परत निघालो.

१६ जानेवारी, शहापूर

आज स्नानसमयी ध्यानात आले की विसर्जन राहिले. वाळूची गंगा तशीच सोडून आलो. बोलावलेल्या देवतेस निरोप द्यावा, हे मी आयुष्यभर विद्यार्थ्यांना शिकविले. पुन्हा तिकडे जावे काय? गुडघे दुखतात. मनोमन क्षमा मागितली. तेवढे पुरेसे असावे.

उंबऱ्यावर वाळू आहे. झाडून काढली, दुपारी पुन्हा तितकीच.

२० जानेवारी

चंदाची वेणी पुन्हा कमरेपर्यंत आली आहे. टोकाला ओले कुंकू. मी विचारले, तर म्हणाली, "तुमीच तर लावलंत." बोलताना माझ्याकडे पाहिले नाही, धरणाच्या दिशेकडे पाहत होती.

२३ जानेवारी

शेजारची भिमी दारात उभी राहून सांगून गेली. वैनी सकाळी अनवाणी धरणाच्या वाटेला लागल्या होत्या, तिने वळवून आणल्या. मग आवाज खाली करून म्हणाली, "गुरुजी, वाट कोरडी ठाक. पन वैनींचं लुगडं भिजत होतं. खालून वर."

मी तिला दटावले. नंतर पाहिले. निऱ्या गुडघ्यापर्यंत ओल्या होत्या.

२६ जानेवारी

लुगडे आता कमरेपर्यंत ओले. ती माहेराविषयी बोलते, पण वर्तमानकाळात. पिंपळाखाली बाया जमल्यात, म्हणते. आई वाट बघते. आईला जाऊन तीस वर्षे –

विसर्जन येथेच केले पाहिजे. उंबऱ्यावरची वाळू साठवीत आहे.

२८ जानेवारी, पौष पौर्णिमा

सारी आळी म्हशाच्या जत्रेला गेली आहे. भर दुपारी त्या वाळूची मूर्ती केली. चंदा समोर बसली. लुगडे गळ्यापर्यंत ओले. अक्षता वाहून म्हणालो, आपल्या स्वस्थानी गमन करावे.

मूर्ती हलली नाही. चंदा उठली. चेहरा तळ्याकाठी होता तसाच, हसरा. म्हणाली, "निघते मग."

मी उठून तिला धरू शकलो असतो. पण विधी अर्धा होता. पुन्हा अर्धा सोडणे – मी अक्षता वाहत राहिलो. उरलेला मंत्र पूर्ण म्हटला. एक अक्षरही चुकलो नाही.

चाळीस वर्षे मी या घराला तिचे म्हणत होतो.

२९ जानेवारी

धरणाच्या काठी लुगडे सापडले. कोरडे. माणसे गळ टाकीत आहेत. मला घरी आणून बसविले.

मंत्राचा शेवट आता आठवतो. सवयीने म्हटला. प्रत्येक विसर्जनात म्हणतो – पुन्हा येण्यासाठी जा –

दुपार. उंबऱ्यावर वाळू. कोणी कडी वाजवीत नाही, नुसते उभे आहे. पाणी ठिबकते. मी हाक मारली. तिने ओ दिली, पण आवाज एकीचा नव्हता –

दार उघडले नाही. तरी धोतराचा काठ भिजला आहे – घोट्यापर्यंत – गुडघे दुखायचे थांबले – कमरे