नाकातली गाठ आणि दोन पंचांगं

१७ डिसेंबर, बुधवार. सकाळी ११.
चार महिने डावं नाक बंद. वास येत नाही. आज डॉ. अंबुजांनी दुर्बीण घातली. आत मांस वाढलंय. तुकडा काढला. म्हणाल्या, ग्रंथींची वाढ दिसते, बहुतेक साधीच, पण तपासल्याशिवाय सांगता येत नाही. त्यांच्याकडे लॅब नाही. तुकडा टिकवायच्या द्रवात घालून बाटली माझ्याच हातात दिली. लॅब पुढच्याच गल्लीत, इथेच चेन्नईच्या तिरुवल्लिकेणीत. आजच द्या म्हणाल्या.
मी शांत आहे. नाडी ११२. जिना चढल्यामुळे असावी. क्लिनिक तळमजल्यावर आहे.

दुपारी २.
लॅबच्या दारातून परत. ऑफिसातल्या चंद्रमौळीला सहज फोन केला होता. म्हणाला, सार, दीडपर्यंत राहुकालम, अशुभ वेळ, आता नको. मी असलं काही मानत नाही. पण ज्या गावात राहतो त्या गावाचा मान ठेवावा. दीड वाजता भूक लागली, म्हणून घरी आलो.
बायकोने, शर्मिष्ठाने, तिच्या बँकेतून फोन करून विचारलं, बाटली दिलीस का. हो म्हणालो. रिपोर्ट सोमवारी, असंही म्हणालो. तोंडातून निघून गेलं.

१८ डिसेंबर, गुरुवार.
बाटली डब्याच्या पिशवीत. कंपनीच्या बसने इरुंगाट्टुकोट्टैच्या कारखान्यात माझ्याबरोबर आली. बावीस वर्षं रबरी सील तपासतोय, एका नजरेत खोट सांगतो. दुपारी इन्स्पेक्शन रूममध्ये कोणी नसताना बाटलीतला तुकडा भिंगाखाली धरला. कुठे चीर नाही, फुगवटा नाही. माझ्या मते ओके.
डबा खाल्ला नाही. चंद्रमौळी म्हणाला, उद्या अमावस्या, आमच्यात फार चांगला दिवस, उद्या देऊनच टाका.

१९ डिसेंबर, शुक्रवार. अमावस्या.
चंद्रमौळीचं ठीक आहे. मी साताऱ्याचा. आमच्याकडे अमावस्येला कोणी नवी चप्पलसुद्धा घालत नाही. अशा दिवशी तुकडा देऊन रिपोर्ट बिघडवून घ्यायचा का? उद्या सकाळी नक्की.

२० डिसेंबर, शनिवार. सुट्टी.
आपल्याकडे शनिवार अशा कामाला वाईटच. शिवाय यांचा राहुकालम नऊ ते साडेदहा, यमगंडम, तीही अशुभच वेळ, दीड ते तीन. मधले तीन तास मोकळे होते. त्यात माळा आवरला.
फोनवर 'नाकातल्या ग्रंथींचा कॅन्सर' वाचलं. पाच वर्षांनी शंभरातले किती उरतात, असा तक्ता होता. फोन उशीखाली ठेवला. नळ सोडून बाथरूममध्ये बसलो. रडलो नाही. नाकाच्या दुखण्यात डोळ्यांतून पाणी येतंच.

२१ डिसेंबर, रविवार.
लॅब बंद. आज हमखास दिली असती.

२२ डिसेंबर, सोमवार. संध्याकाळी ७.
डोकं दुखतं म्हणून घरी होतो. शर्मिष्ठा हाफ डे टाकून परस्पर रिपोर्ट आणायला गेली. लॅबवाले म्हणाले, या नावाचा तुकडाच आलेला नाही. माझ्या नवऱ्याचा तुकडा तुम्ही हरवलात म्हणून ती काउंटरवर भांडली. सगळ्यांसमोर. शेवटी त्यांनी रजिस्टर उघडून दाखवलं.
घरी येऊन तिने विचारलं, बाटली कुठे आहे. मी तिला दोन्ही पंचांगं नीट समजावून सांगितली. तिने पिशवीतून बाटली काढली आणि चपला घातल्या. मी म्हणालो, आत्ता वेळ चांगली आहे, मी पाहिली आहे. तिने दार ओढून घेतलं.

२६ डिसेंबर, शुक्रवार.
रिपोर्ट आला. कॅन्सर नाही. रेस्पिरेटरी एपिथेलियल अ‍ॅडिनोमॅटॉइड हामार्टोमा. डॉ. अंबुजा म्हणाल्या, नाकातल्या अस्तराच्या ग्रंथीच जरा जास्त वाढल्यात, दुर्मिळ आहे, पण निरुपद्रवी. दुर्मिळ म्हटल्यावर मला किंचित अभिमान वाटला. शर्मिष्ठा बाकावर बसून रडली. सोमवारपासून ती झोपली नव्हती, हे मला तिथे कळलं. मी तिच्या शेजारीच झोपत होतो.
गाठ पुरती काढावी लागेल, मंगळवारी, भूल देऊन. डॉक्टरांनी फॉर्म पुढे केला. मी पेन उघडलं, बंद केलं, पुन्हा उघडलं. मग शर्मिष्ठाच्या कानाशी जाऊन सांगितलं की मला फार भीती वाटते आहे, पहिल्या दिवसापासून वाटते आहे. हे सांगायला मला दहा दिवस लागले.
ती म्हणाली, हे मला लग्नापासून माहीत आहे, सही कर.