घरचा फॉर्म

५ जाने.
तिशीवरच्यांची तपासणी पुन्हा सुरू. कोंढ्यात आज चौदा घरं. सिस्टर बीपी-शुगर बघते, मी आशा म्हणून फॉर्म भरते आणि कॅन्सरसाठी तोंडं तपासते. तीन बोटं उभी धरून तोंडात गेली पाहिजेत, नाही गेली तर पुढे पाठवायचं. कौसाबाईंना दातच नाहीत. म्हणे, "चौथंई घाल व बाई, जागा हाये." फार हसलो.

८ जाने.
हे भाकर तशीच ठेवून उठले. दिवाळीपासून वरणात कालवलेला भातच खातात. तिखट लागतं म्हणतात. मी नखरे समजून मिरची कमी केली, बस्स.
आज म्हटलं, तोंड उघडा. आधी टाळाटाळ. मग उघडलं.
एक बोट गेलं. दुसरं नाही.
गाल आतून पांढरा, मागे जखम.
"सांगतलं काहून नाही मले?"
"तू तं रोजच लोकायचे तोंड पायतेस. काही असतं तं तुले दिसलंच असतं, असं वाटलं."

९ जाने.
जुनं रजिस्टर काढलं. मागच्या वर्षीचा यांचा फॉर्म, माझ्याच अक्षरात. तोंड उघडायला त्रास: नाही. बरी न होणारी जखम: नाही. तंबाखू: कधीकधी. यांच्या मासे धरायच्या जाळ्याच्या पिशवीतून तंबाखू-सुपारीच्या खर्र्याच्या पन्न्या मीच तर झटकते!
वरण शिजेपर्यंत भरला होता. आम्ही सगळ्याजणी घरचे फॉर्म असेच भरतो. रोज समोर दिसणाऱ्या माणसाला विचारायचं काय? सगळ्या गावाला आ करायला लावलं आणि घरी...
माझी मलाच चीड येते.

१३ जाने.
भंडाऱ्याला नेलं. तपासायला जखमेचा तुकडा घेतला. डॉक्टरांनी विचारलं, आधी कधी तपासणी झाली होती का. माझ्याआधी हेच बोलले, "झाली नं साहेब. हिनंच केली होती. बराबर निघाली."
टोमणा असता तर बरं झालं असतं. कौतुकानं सांगत होते.

२० जाने.
रिपोर्ट आला. तेच निघालं. आता नागपूर. डॉक्टर म्हणाले, वर्षभर आधी आणलं असतं तर... बसमध्ये हे तलावावरच्या बदकांबद्दल बोलत होते.

२४ जाने.
तलावात आज सगळ्यांनी मिळून जाळं टाकलं. मी नको म्हटलं तरी हे गेले. वाट्याची रोहू आणली. काटे काढून, कुस्करून भातात दिली. चार घास गेले असतील.

२७ जाने.
गटप्रवर्तक ताईंचा फोन, फॉर्म उद्या द्या. एकच राहिला आहे, यांचा. दुपारी पेन घेऊन त्यांच्यासमोर बसले.
"भर नं. तुले तं सारं मालूम हाये."
"नाही. तुमी सांगा."
एकेक प्रश्न मोठ्यानं वाचला. तोंड उघडायला त्रास होतो का? जखम आहे का?
"नाही लिव," म्हणाले. जेमतेम फटीतून आवाज येत होता. "आशाच्याच घरचा फारम खराब कायले दिसाले पायजे? लोकं तुले नाव ठेवतीन."
मी काहीच लिहिलं नाही. उद्या सकाळी सहाची नागपूरची बस आहे. तिथल्या डॉक्टरांसमोर भरायला त्यांच्या कपड्यांच्या पिशवीत फॉर्म कोराच ठेवला.