पाव इंच

हॅलिफॅक्स, ४ मार्च १९७१

ती. विल्फदादास,
सा. न. वि. वि.

तू बनवलेला गिटारचा अँप्लिफायर रेल्वेने सुखरूप पोचला. आतला एकही काचेचा व्हॉल्व्ह फुटला नाही. तुझ्या लोकरी मोज्यांत गुंडाळल्यामुळे वास मात्र लागलाय. ग्लेनिस म्हणते, मामाची वीज पायांतून येते.

लेनर्डने या अँप्लिफायरसाठी केलेली स्पीकरची लाकडी पेटी शेडमध्ये तशीच होती. ऑक्टोबरात तो गेल्यापासून मी तिकडे फिरकले नव्हते. काम सुरेख आहे, सांध्यात नखही शिरत नाही. वरून रेक्झिन चढवायचं तेवढं राहिलंय. बाबागाड्यांच्या कारखान्यात मी अठरा वर्षं टपांना रेक्झिन ताणलं, तेव्हा ते माझ्याकडे. सत्तावीस तारखेला चॅपलच्या हॉलमध्ये ग्लेनिसचा बँड वाजवणार आहे. बाबांच्या पेटीतूनच वाजवीन, असं तिने ती काम करते त्या बेकरीतल्या सगळ्यांना सांगून टाकलंय.

तुझं पत्र आलं की अजून मोठ्यानेच वाचते. लेनर्डला चष्मा कधी सापडला नाही, त्यामुळे तो रंधा मारायचा आणि मी वाचायचे. सवय जात नाही. वहिनीचं आणि सीगल पक्ष्यांचं भांडण मिटलं का?

तुझी,
एनिड

हल, ८ मार्च

चि. एनिड हीस
अ. उ. आ.

मिटलं नाही. परवा एकाने तिच्या हातातला मासा नेला. ती त्याला नावाने ओळखते म्हणे.

रेक्झिनच्या कोपऱ्याला नाताळच्या भेटीला घालतात तशी घडी घाल. गोंद भरपूर लाव. आणि माझी पत्रं पुस्तकांत खुणेला घालत जाऊ नकोस. मागे लायब्ररीच्या बाईंनी तुझ्या पुस्तकातून माझं पत्र काढून मला परत पाठवलं होतं. माझ्या मूळव्याधीची हकिगत त्यांना तोंडपाठ झाली असेल.

तुझा,
विल्फ

हॅलिफॅक्स, १५ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझी घडी घातली असती तर कोपऱ्यांना गळवं आली असती. तिथे रेक्झिन तिरकं कापून कड कडेला भिडवायची असते. गोंद दोन्हीकडे पातळ लावून, बोटाला चिकटेनासा झाला की मगच दाबायचं. बुडबुडे चमच्याच्या पाठीने काढले. पेटी गडद हिरवी झालीय, नव्या बाबागाडीसारखी. स्पीकर बसतो त्या पुढच्या फळीवर कापडही ताणून बसवलं.

पण आता फळी पेटीत जात नाही. नुसत्या लाकडाला नुसतं लाकूड अगदी बरोबर बसत होतं. रेक्झिन आणि कापड आल्यावर पाव इंच जास्त झालं. उजवीकडे स्पीकरचं भोक काठाशी आहे, तिथे तासायला लाकूडच नाही. डाव्या कडेवर लेनर्डने पेन्सिलीने ‘डावी’ लिहिलंय. रंधा मारला तर ते जाणार.

त्याचा कोट मी देऊन टाकला, बूटही दिले. हे मात्र त्याने शेवटी केलेलं काम आहे, ते मी तासणार नाही. ग्लेनिसला म्हटलं, कुणाचा तरी स्पीकर उसना आण. ती गिटार केसमध्ये ठेवून वर गेली.

एनिड

हल, १८ मार्च

चि. एनिड हीस
अ. उ. आ.

आता लपवण्यात अर्थ नाही. चूक माझी. गेल्या जूनमध्ये मी लेनर्डला फळीचं माप कळवलं आणि त्यात कापडाची जाडी धरायला विसरलो. बिचाऱ्याने मी लिहिलं तसंच कापलं. तेव्हा तू त्याचं काम तासत नाहीयेस, माझा गाढवपणा तासतेयस. कापड एका बाजूने सोडव, रंधा मार, परत ताण. मला शिव्या दे, पण पोरीला उसन्यावर वाजवायला लावू नकोस.

विल्फ

हॅलिफॅक्स, २८ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं तेव्हा खरंच दोन शिव्या दिल्या आणि रंधा घेतला. पहिल्याच हाताला लाकडाची पातळ पट्टी गुंडाळत निघाली. ‘डावी’ तिच्यावर अख्खं आहे. पाव इंच उतरेपर्यंत रंधा मारला, कापड परत ताणलं आणि फळी पेटीत गेली.

पट्टी ठेवायला समुद्रप्रवासाचं ते जाड पुस्तक उघडलं. लेनर्डला वाचून दाखवत होते आणि अर्ध्यावर राहिलं, ते. आत खुणेला तुझं जूनचं पत्र. त्यात तू लिहिलंयस, फळी पाव इंच लहान काप, रेक्झिन आणि कापड बसायचंय. खाली दोन रेघा मारल्यास.

दादा, तुला खोटं बोलता येत नाही. पण चूक लेनर्डचीही नव्हती. पत्र त्याला मीच वाचून दाखवलं होतं. आकडे आले की मी ते गाळायचे, वहिनी आणि सीगल कधी येतात असं व्हायचं. तो त्या भांडणावर इतका हसायचा की मला वाटे, पोचलं सगळं. शेडमध्ये स्टुलावर बसून मी पोट धरून हसले. मग रडलेही, पण त्यात कडूपणा नव्हता.

काल हॉल भरला होता. व्हॉल्व्ह तापले तसा पहिल्या रांगेत तुझ्या मोज्यांचा वास आला. ग्लेनिसने पहिलाच सूर इतका मोठा लावला की पाद्रीबाबांचा चहा बशीत सांडला. सगळे नाचले. मला खाटीक क्लेगने ओढलं, मी गेले.

आता पत्रात आकडे लिहिशील तर एकही गाळणार नाही. वहिनीला नमस्कार. लोभ आहे तेवढा राहू दे, पाव इंचही कमी करू नकोस.

तुझी,
एनिड