बिनकामाचा दाता

नाशिक रोड, रविवार

ती. उज्वलाताईस,

हात तीनदा धुऊन नमस्कार. तब्येत विचारत नाही, ते काम तुझ्या काचेच्या खोलीत दिवसातून दहा वेळा होतंय. आई बरी आहे (कागद तुझ्या खोलीत चालत नाही म्हणून पत्राचा फोटो पाठवतोय, त्यासोबत फोडणीचा वास पाठवता येईल का, एवढंच विचारते).

आता कबुली. तुला स्टेम सेल कोण देणार, हे मी परस्पर ठरवून टाकलं: मी. कोणी विचारलं नव्हतं. पेशी दणकट हव्यात म्हणून सिगारेट सोडली, नाचणीची आंबील प्यायलो, रोज एकलहऱ्यापर्यंत सायकल मारली (येताना टेम्पोत). शेजारच्या खंडेरावकाकांनी बातमी फोडली, गल्लीतल्या मंडळाने शाल-नारळ दिला आणि मी भाषण ठोकलं, की भाऊबीजेला लोक साड्या देतात, मी पेशी देतोय. दुसऱ्या दिवशी, तुझ्या अंबडच्या कंपनीसमोरच्या स्टॉपवर उभा असताना, तुझ्या डॉक्टरबाईंचा फोन. "पेशी तिच्याच काढून गोठवल्यात, तिलाच परत द्यायच्या. तुम्ही फक्त सर्दी घेऊन येऊ नका."

नारळाची तोवर चटणी झाली होती, परत करता येईना.

पण बाईंनी नीट समजावलं. शरीराची फौज तुझ्याच कातडीवर उलटलीये, तिला औषधाने मोडायचं आणि तुझ्याच पेशींतून नवी उभी करायची. पूर्वी त्या औषधांच्या माऱ्यात कमजोर हृदयाचे पेशंट दगावायचे. म्हणून तुझं हृदय आधी नीट तपासलं आणि मारा सौम्य ठेवलाय. "धोका कमी आहे, शून्य नाही," म्हणाल्या. त्या शेवटच्या दोन शब्दांपायी मी तीन बस सोडल्या.

नव्या फौजेला जुनं काही आठवत नाही, म्हणून बरी झालीस की लहानपणच्या लसी पुन्हा घ्यायच्यात म्हणे. बाळांच्या रांगेत मी तुला घेऊन उभा राहीन. रडलीस तर लिमलेटची गोळी.

बाकी किरकोळ. तुझी स्कूटी मी भिंतीला घासली, तुझी डायरी वाचून तिच्यावर कथा लिहिली आणि तुझी पैठणी मित्राच्या नाटकात पडदा म्हणून लावली.

तुझा,
(सगळ्या पेशी शिल्लक असलेला)
हर्षल

ता.क. स्कूटी धडधाकट आहे. डायरी उघडलेली नाही. पैठणीला आई मला हातही लावू देत नाही.

ता.क. २. तुझी बोटं लाकडासारखी ताठ झाल्याला दोन वर्षं झाली, तेव्हापासून माझा कान कोणी पिळलेला नाही. म्हणून गुन्हे, खोटे का होईनात, आधीच जमवून ठेवतोय. बोटं मिटायला लागली की लगेच कळव. डावा कान तुझ्यासाठी मोकळा ठेवलाय; इअरफोनसुद्धा उजव्यातच घालतो.