दादाची पुढची सीट

मंगळवार, १४ नोव्हेंबर २००६. भिवंडी

आज ठाण्याला कामावर जाताना कशेळीच्या पुलाअलीकडे हवालदाराने गाडी अडवली. सध्या सकाळी पुलावरची डावी लेन फक्त बसना आणि चार माणसं बसलेल्या गाड्यांना सोडतात. आम्ही तिघंच होतो. दादा गेल्यापासून पुढे कोणी बसत नाही. तसं कोणी ठरवलं नाही. गाडी शकीलभाईंची, तेच चालवतात; मी आणि पाटीलकाका मागे बसतो.

हवालदार वाकून हसला. "ड्रायव्हर ठेवलाय वाटतं! दोन्ही शेठ मागे?"

शकीलभाई एरवी ऐकून घेणारे नाहीत. आज नुसते त्या रिकाम्या सीटकडे बघत राहिले. हवालदाराने आम्हाला डाव्या लेनमधून बाहेर काढलं. मग ट्रकच्या रांगेत अडकलो. काकांना आज पुन्हा लेट मार्क. साहेबांनी त्यांना आधीच ताकीद दिलेली आहे.

उतरताना काका म्हणाले, "काल्हेरचा नाईक यायला तयार हाय. पण तुझ्या शब्दाबिगर न्हाय."

दिवसभर तेच डोक्यात. त्या सीटवर नाईक? पण काकांची नोकरी? आणि तो हवालदाराचा हसणारा चेहरा जात नाही.

जेवण झाल्यावर शकीलभाईंना फोन केला. "उद्यापासून नाईकांना घ्या."

"पुढे बसवू?"

"नको. पुढे मी बसतो."

ते म्हणाले, "बैठ. पण बोलावं लागेल हां. तुझा भाऊ ठाण्यापर्यंत एक मिनिट गप्प नसायचा."

हो म्हणालो खरा. काय बोलणार मी?