जमीन सपाट होती

अण्णा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता तुमचा चेहरा नीट आठवत नाही, आवाज मात्र आठवतो, तोही इंजिनाच्या घरघरीवरून ओरडलेला. फौजेतून परत आल्यावर तुम्ही नगरच्या लष्करी लिलावातून तो जुना चेनचा डोझर घेतलात. संगमनेरच्या खालच्या अंगाला, पाटाचं पाणी असलेल्या गावांत, लोकांना उसासाठी जमिनी सपाट करून हव्या होत्या. गाव त्या यंत्राला रेडा म्हणायचं. पुढे कमरेपेक्षा उंच पोलादी पातं, दोन्ही अंगांना चेनी, वर उघडी लोखंडी सीट. सीटसमोर दोन दांडकी होती. डावं ओढलं की रेडा डावीकडे वळायचा, उजवं ओढलं की उजवीकडे, आणि पायाखाली दोन्ही बाजूंचे ब्रेक. दादा तुमच्या हाताखाली तयार होत होता. मी नववीत होते आणि माझं काम म्हणजे शेतावर तुमच्या दोघांच्या भाकरी पोचवणं.

त्या दिवशी मी भाकरी घेऊन बांधावर आले तेव्हा दादा खाली वाकून पहारीने चेनीतला चिखल काढत होता आणि सीटवर तुम्ही होता. रेडा हातभर पुढे सरकला. तेवढाच. दादाचा उजवा पाय घोट्याच्या वरपर्यंत चेनीखाली गेला. तुम्ही उतरलात आणि पहिलं वाक्य बोललात ते हे, "हाक का न्हाई मारली?" नगरच्या दवाखान्यात पाय कापावा लागला. गावाला तुम्ही सांगितलंत की यंत्र उतारावरून आपोआप घरंगळलं. जमीन सपाट होती, अण्णा. आठवडाभर खपून आपणच ती सपाट केली होती. दादा कुणाला काही बोलला नाही. मीही बोलले नाही.

त्यानंतर तुम्ही सीटवर बसेनासे झालात. धुळीने डोळे चुरचुरतात, असं म्हणायचात. एक ड्रायव्हर ठेवलात, तो पोळ्याला गावी गेला तो आलाच नाही. मग एका सकाळी आई भाकरी थापत असताना तुम्ही स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून मला सांगितलंत, उद्यापासून शाळा बंद, रेड्यावर बसायचं. आई म्हणाली, पोरीची जात, लोक हसतील. तुम्ही म्हणालात, "डायवर पळून जातो. घरचं मानूस कुठं पळतंय?" आईने भाकरी उलटली. मग तुम्ही कोपऱ्यातले दादाचे बूट उचलून माझ्यापुढे ठेवलेत. दादा भिंतीला टेकून बसला होता. आई हळूच म्हणाली, त्याला एक लागंल की. "जोड फोडायचा नसतो," एवढं बोलून तुम्ही बाहेर गेलात. तुम्ही मला आयुष्यात स्वतःच्या हाताने दिलेली वस्तू ती एकच. मी टोकाला चिंध्या कोंबून ते बूट घातले. दादा माझ्या पायांकडे बघत राहिला.

आई रोज माझी वेणी डोक्याभोवती गुंडाळून वर फडकं घट्ट बांधायची, इंजिनाच्या पट्ट्यात केस अडकू नयेत म्हणून. तुम्ही खाली उभे. हातात ढेकळं. डावं दांडकं चुकलं की डाव्या खांद्यावर ढेकूळ, उजवं चुकलं की उजव्या. तळहात फुटले तेव्हा मी तुम्हाला ते दाखवायला खाली उतरले. "हात नको दाखवू," तुम्ही म्हणालात, "पातं कुठं चाललंय ते बघ." मी बघायला शिकले. दिवाळीपर्यंत अशी जमीन काढायला लागले की वाफ्यात पाणी सोडलं तर चारी कोपऱ्यांना सारखं पसरायचं. एक शेतकरी कौतुकाने म्हणाला, पोरीचा हात बसलाय. तुम्ही म्हणालात, तिचं काय, दोन दांडकी पुढं, तिसरं सीटवर. संध्याकाळी आई माझे हात रॉकेलने पुसायची तेव्हा दादा विचारायचा, आज इंजिन कसं वाजत होतं. नंतर नंतर त्याने विचारणं सोडलं.

आणि पहिल्या दिवशी रडत चढलेली मी, दिवाळीनंतर तुमच्याआधी उठून रेड्यापाशी जाऊन उभी राहायला लागले. हे का झालं ते मला कधी कळलं नव्हतं. अलीकडे माझी नात जपानी चित्रांच्या मालिका बघते. त्यांत डोंगराएवढी लोखंडी माणसं असतात आणि त्यांच्या पोटात शाळकरी मुलं बसून ती चालवतात, लढतात. मोठी माणसं मागे बसून हुकूम सोडतात. मी नातीला विचारलं, त्यातली ती एक मुलगी दर वेळी रडते, तरी परत का चढते गं? नात म्हणाली, "आजी, प्रत्येकाचं वेगळं असतं. कुणाला सूड घ्यायचा असतो, कुणाला भीती लपवायची असते. हिला आत बसल्यावर वाटतं की आपण कुणीतरी आहोत. खाली उतरली की तिला कुणी विचारत नाही." पुढच्या भागांत ती शहाणी होते का, असं मी विचारलं. हळूहळू होते म्हणाली. मी उठून भाजी चिरायला घेतली. आपल्या घरात चढणारे तिघं होते, अण्णा, आणि तिघांचंही वेगळं होतं.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. उसालाच पाणी उरलं नाही, मग जमिनी सपाट करून घेणार कोण, रेडा दारात गंजत उभा राहिला. गावाबाहेर पाझर तलावाचं काम निघालं, त्यावर चारी बाजूंची माणसं माती वाहायला आली. आईची धाकटी बहीण, माझी मावशीही आली होती, आपल्याच पडवीत झोपायची. तिथल्या मुकादमाला काम लवकर उरकून दाखवायचं होतं. त्याने तुम्हाला बोलावलं. बायका महिनाभर वाहतील ती माती रेडा दोन दिवसांत लोटणार होता, आणि मग त्या बायकांनी खायचं काय, हे विचारायला कुणी नव्हतं. म्हणून त्या पाट्या पुढे ठेवून रेड्याच्या वाटेत बसल्या. मधोमध मावशी. ती ओरडली नाही. मला म्हणाली, "पोरी, आमी इथनं उठनार न्हाई. तू उतर."

"चालव," तुम्ही म्हणालात, "उठत्यात आपोआप."

मी इंजिन बंद केलं. इतकं शांत झालं की लांबच्या टिकावांचे आवाज यायला लागले. तुम्ही वर चढलात, फडकं ओढलंत, वेणी धरून मला खाली खेचलंत. सगळ्या बायकांसमोर मी मातीत पडले. पण सीटवर तुम्ही बसला नाहीत. चेनीला हात धरून नुसते उभे राहिलात. तेवढ्यात दादा कुबडी टेकत पुढे आला. त्याला कुणी बोलावलं नव्हतं. त्याने कुबडी खाली टाकली, दोन्ही हातांच्या जोरावर वर चढला आणि तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही हँडल मारून इंजिन चालू केलंत. सरळच जायचं होतं, त्यामुळे उजव्या ब्रेकची गरज पडली नाही. बायका उठल्या, पळाल्या. मावशी सगळ्यांत शेवटी उठली, लुगड्यात पाय अडकून पडली, मनगट मोडलं. तिची पाटी आणि भाकरीचं फडकं पात्याखाली गेलं. दादाने पलीकडे रेडा थांबवला तेव्हा तुम्ही वर हात नेऊन त्याची पाठ थोपटलीत आणि म्हणालात, "शाब्बास. ह्यो माझा."

पुढच्याच महिन्यात तुम्ही मला नेवाशाकडच्या एका घरी देऊन टाकलंत. दादाने रेडा भंगारात जाईपर्यंत चालवला. तो अजून म्हणतो, अण्णांनी त्या दिवशी मला परत उभं केलं. तुम्ही गेल्यावर आईने सांगितलं की दादाचा पाय गेल्यानंतर तुम्ही पहाटे एकटेच सीटवर जाऊन बसायचात, दांडकी धरायचात आणि हात थरथरायला लागले की उतरायचात. हे तिने मला तेव्हाच सांगितलं असतं तर, असं मी खूप दिवस म्हणत होते. आता म्हणत नाही. सांगितलं असतं तरी दुसऱ्या दिवशी ढेकळं मलाच बसली असती.

मावशी मरेपर्यंत सगळ्यांना सांगायची, पोरीने माझ्यासाठी यंत्र बंद केलं, बापाचा मार खाल्ला पण बंद केलं. खरंच आहे ते. माझ्या सासरीही ही गोष्ट मानाने सांगतात. हे पत्र कुठे पाठवायचं नाही म्हणून फक्त इथे लिहिते. मी केस सुटून मातीत पडले होते, चार हातांवर मावशी मनगट धरून कण्हत होती, आणि मी तिच्याकडे बघत नव्हते. मी दादाच्या पाठीवरचा तुमचा हात बघत होते, आणि माझ्या मनात एवढंच होतं की ती जागा माझी आहे.